अंधारालाही गिऱ्हाईक आहे
तारे पाहायला येणारा प्रवासी, जुने वाडे आणि आपला धंदा



बाजारात रोज नवा माल येतो आणि जुना माल फळीवर पडून राहतो, हा आपला नेहमीचा अनुभव. पण ज्या वस्तूला आजवर कुणी वस्तू म्हटले नाही तिलाच गिऱ्हाईक लागावे, असे क्वचित घडते. रात्रीचा अंधार ही अशीच वस्तू आहे. मुंबई, पुणे, नागपूर येथील लोक आता केवळ अंधार आणि त्यातले तारे पाहण्यासाठी गाडीभाडे खर्चून खेड्यात मुक्कामाला जातात. परदेशात जुन्या हवेल्या, शेतवाडे आणि सराया या कामी लावल्या गेल्या आहेत. आपल्याकडेही हा व्यवहार सुरू झाला आहे. आपल्या माणसांना यात किती वाव आहे आणि किती भांडवल घालणे शहाणपणाचे, याचा हिशेब या लेखात मांडला आहे.

गिऱ्हाईक कोण आणि त्याला काय हवे

शहरातल्या आकाशात तारे नाहीसे झाले असे नव्हे. तारे आहेत तिथेच आहेत. रस्त्यावरचे, दुकानांचे, जाहिरातींचे दिवे जेवढा उजेड जमिनीवर पाडतात, त्यातला बराच भाग वर जातो. हवेतली धूळ आणि बाष्प तो उजेड पसरवतात आणि सगळे आकाश राखाडी होते. भरदिवसा दिव्याची ज्योत दिसत नाही, तसाच हा प्रकार. मोठ्या शहरातल्या मुलाला मोजून पंचवीस-तीस तारे दिसतात. आकाशगंगा त्याने पुस्तकातल्या चित्रातच पाहिलेली असते. चांगल्या अंधाऱ्या जागेवरून मात्र नुसत्या डोळ्यांनी हजारांनी तारे दिसतात.

हे गिऱ्हाईक पंचतारांकित खोली मागत नाही. त्याला अंधार हवा, मोकळी गच्ची हवी, स्वच्छ अंथरूण-पांघरूण हवे, गरम जेवण हवे आणि आकाश समजावून सांगणारा एक जाणकार हवा. मुंबईच्या खगोल मंडळासारख्या हौशी संस्था १९८० च्या दशकापासून वांगणीसारख्या ठिकाणी रात्रभराचे आकाशदर्शन घेत आल्या आहेत. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था तर १९४४ सालची. म्हणजे शौक जुना आहे. त्या शौकाभोवती मुक्काम, जेवण आणि वाहतूक यांचा धंदा उभा राहणे, हे मात्र नवे.

पेंचचे उदाहरण

आपल्या विदर्भातलेच उदाहरण घ्या. नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये ‘डार्क स्काय पार्क’ असा दर्जा मिळाला. हा दर्जा मिळवणारे ते भारतातले पहिले आणि आशियातले पाचवे ठिकाण. दर्जा देणारी संस्था अमेरिकेत १९८८ साली स्थापन झाली. २००१ मध्ये तिने अ‍ॅरिझोना प्रांतातील फ्लॅगस्टाफ या शहराला पहिली मान्यता दिली आणि तेव्हापासून जगभर अशी ठिकाणे वाढत गेली.

पेंचमध्ये काय केले ते कारागिरांनी नीट पाहावे. वाघोडा तलावाजवळ आकाश पाहण्यासाठी वेधशाळा उभी केली आणि दुर्बीण बसवली. त्याहून मोठे काम गावांत झाले. वाघोडा, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतले शंभराहून अधिक रस्त्यावरचे आणि सार्वजनिक दिवे बदलून जमिनीकडे उजेड टाकणारे दिवे लावले. नागपूरच्या जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून या कामाला मदत झाली. लक्षात घ्या, दिवे काढून टाकले नाहीत, फक्त त्यांचे तोंड खाली केले. गावकऱ्यांना रस्ता पूर्वीसारखाच दिसतो आणि वरचे आकाश काळे राहते.

दुसरे उदाहरण लडाखमधल्या हानले गावाचे. तिथे भारत सरकारची वेधशाळा आहे. डिसेंबर २०२२ मध्ये लडाख प्रशासनाने वेधशाळेभोवतीचा सुमारे एक हजार चौरस किलोमीटरचा मुलूख अंधारासाठी राखीव म्हणून जाहीर केला. तिथल्या गावांतल्या चोवीस तरुण-तरुणींना आकाशाची माहिती देऊन तयार केले आणि त्यांच्या हाती आठ इंची दुर्बिणी दिल्या. आता हीच मंडळी आलेल्या पाहुण्याला तारे दाखवतात आणि घरी उतरवून घेतात. सरकारी दुर्बीण शास्त्रज्ञांची, पण मुक्कामाची कमाई गावाची, अशी ही वाटणी आहे.

आपल्या बाजूला काय आहे

वलगावचा बाजार अमरावतीहून परतवाड्याला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. शनिवारी सकाळी चिखलदऱ्याकडे निघालेल्या गाड्या इथूनच जातात आणि रविवारी दुपारनंतर इथूनच परत येतात. कुणी गाडगे महाराजांच्या निर्वाणभूमीपाशी थांबतो (२० डिसेंबर १९५६ रोजी इथेच पेढी नदीजवळ महाराजांनी देह ठेवला), कुणी चहाला थांबतो. शनिवारची दुपार चिखलदऱ्याचे पॉइंट पाहण्यात जाते. त्यानंतर रात्र रिकामी असते. खोलीत बसून दूरदर्शन पाहायचे आणि झोपायचे. या रिकाम्या रात्रीलाच मोल येऊ शकते.

मुलूखही इतिहासाने भरलेला आहे. १४९० ते १५७४ या काळात वऱ्हाडवर राज्य करणाऱ्या इमादशाहीची राजधानी अचलपूर. चिखलदऱ्याजवळचा गाविलगड बहमनी सुलतान अहमदशहा वलीने १४२५ च्या सुमारास मजबूत केला आणि १५ डिसेंबर १८०३ रोजी तो इंग्रजांच्या हाती पडला. अकोला जिल्ह्यातल्या नरनाळ्याच्या महाकाली दरवाजावर १४८७ सालचा शिलालेख आहे. मेळघाट व्याघ्र प्रकल्प १९७४ पासून राखीव असल्याने डोंगरात मोठी शहरे नाहीत, कारखाने नाहीत. उत्तरेकडे दूरवर काळोख आहे.

मात्र कुणी मनात गडावर रात्र काढण्याचे बेत आखत असेल तर ते आत्ताच सोडून द्यावे. गाविलगड आणि नरनाळा ही पुरातत्त्व खात्याची संरक्षित ठिकाणे असून अभयारण्याच्या हद्दीत येतात. तिथे रात्री राहण्याची परवानगी नाही. आपला विषय आहे तो डोंगराच्या पायथ्याच्या आणि पठारावरच्या गावांतले खासगी वाडे, गढ्या आणि जुनी दगडी घरे यांचा. वऱ्हाडात पांढऱ्या मातीच्या गढ्या पावसागणिक ढासळत आहेत. वारस शहरात गेले आहेत. वाड्याचे सागवान काढून विकले जाते आणि माती वीटभट्टीला जाते. एकदा सागवान गेले की वाडा गेला. ज्याच्याकडे असा वाडा अजून उभा आहे, त्याला तो मोडून मिळणाऱ्या रकमेपेक्षा चालता ठेवून जास्त मिळेल का, हा खरा प्रश्न आहे.

जागा कशी पारखावी

कापड घेताना आपण आधी हात लावून पाहतो, मग भाव विचारतो. इथेही तसेच. पाच गोष्टी स्वतः पाहा.

पहिली, चंद्र नसलेल्या रात्री गच्चीवर जाऊन अर्धा तास अंधारात बसा. डोळा अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात. मग आकाशगंगेचा पट्टा दिसतो का पाहा. थंडीत सुरैया म्हणजे कृत्तिकेचा झुबका डोक्यावर येतो. त्यात सहा किंवा अधिक तारे सहज मोजता आले तर माल बरा आहे. तीन-चारच दिसले तर जागा सोडा.

दुसरी, क्षितिजाकडे पाहा. ज्या दिशेला शहर असेल तिकडे उजेडाचा घुमट दिसतो. वलगावातून दक्षिणेकडे अमरावतीचा असा घुमट दिसतो. म्हणून वलगाव हे तारे पाहण्याचे ठिकाण नव्हे, ते या धंद्याला माल पुरवण्याचे ठिकाण आहे, हे आपणच आधी समजून घेतलेले बरे. परतवाडा-अचलपूरच्या जवळही तीच अडचण. डोंगराच्या कुशीत, शहराकडे पाठ असलेली जागा हवी.

तिसरी, दक्षिण बाजू मोकळी हवी. आपण विषुववृत्तापासून सुमारे एकवीस अंश उत्तरेला आहोत. त्यामुळे सुहैल हा तारा, ज्याला मराठीत अगस्त्य म्हणतात, थंडीत आपल्या दक्षिण क्षितिजावर चांगला वर येतो. लंडनच्या माणसाला तो जन्मात आपल्या गावातून दिसत नाही. आपल्याकडे त्याला उंच झाडाने झाकू नका.

चौथी, छत. वऱ्हाडातली धाब्याची घरे थंड असतात, पण मातीच्या धाब्यावर पंधरा माणसे आणि दुर्बीण चढवणे धोक्याचे आहे. जाणकार अभियंत्याकडून तपासून घेतल्याशिवाय पाहुणा वर नेऊ नये. कठडा छातीइतका हवा, कारण अंधारात कडा दिसत नाही. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर मंद तांबडा दिवा हवा.

पाचवी, जंगलाची जवळीक. बिबट आणि अस्वल यांच्या मुलखात रात्री पाहुण्यांना शेतात किंवा माळावर नेऊ नये. भिंतीच्या आतले अंगण किंवा गच्ची हीच योग्य जागा. इथे जुन्या वाड्याचा फायदा आहे, कारण त्याला उंच भिंती आणि चौक आधीच आहेत. भिंत जनावरालाही अडवते आणि शेजारच्या दिव्यालाही.

चांदाची तारीख हेच धंद्याचे कॅलेंडर

या धंद्यात सर्वांत मोठा स्पर्धक चंद्र आहे. पौर्णिमेच्या आसपास चांगल्यात चांगल्या जागीही तारे फिके पडतात. हौशी लोक यासाठी तक्ते मागवतात. आपल्या घरात मात्र चांदाची तारीख भिंतीवर टांगलेलीच असते. ती वाचायची कशी, एवढेच सांगतो.

चांदाच्या १३, १४, १५ तारखांना रात्रभर चांदणे असते. हे दिवस सोडावेत. त्यानंतर चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा उगवतो. २० तारखेला तो रात्री साडेदहाच्या सुमारास येतो, म्हणजे अंधार पडल्यापासून तीन तास मोकळे मिळतात. २६ पासून नव्या महिन्याच्या ३ तारखेपर्यंत जवळजवळ सगळी रात्र काळी असते. ३ तारखेची कोर नऊ-साडेनऊला मावळते. म्हणजे २० ते ३ या सुमारे तेरा रात्री कामाच्या. तिथी मोजणाऱ्या शेजाऱ्यालाही हे पटेल. संकष्टीचा चंद्र नऊनंतर येतो हे त्याला ठाऊक आहे, तिच्या एक-दोन दिवसांनंतर आपला मोसम सुरू होतो.

दुसरा स्पर्धक पाऊस. जून ते ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत आकाशाचा भरवसा नाही. ऑगस्टमधला प्रसिद्ध उल्कावर्षाव युरोपात लोक पाहतात, आपल्याकडे तो ढगाआड जातो. आपला उल्कावर्षाव डिसेंबरचा, १३-१४ तारखेच्या रात्री मिथुन राशीतून होणारा. थंडी, कोरडी हवा आणि लांब रात्र असे तिन्ही तेव्हा जुळून येते. चंद्र आड येणार असेल त्या वर्षी मात्र जाहिरात करू नये. आकाशगंगेचा सर्वांत दाट भाग पाहायचा असेल तर मार्चनंतर पहाटेपूर्वी किंवा मे महिन्यात रात्री दहा-अकरानंतर. मे हा चिखलदऱ्याचा गर्दीचा महिना आहे, तो वाया घालवू नये.

आणखी एक गोष्ट. येत्या काही वर्षांत रमजान थंडीच्या मोसमात येत आहे. ज्या घरी आचारी, गाडीवान आणि गडी आपलेच असतील, त्यांनी इफ्तार, तरावीह आणि सहेरीच्या वेळा धरूनच पाहुण्यांच्या तारखा घ्याव्यात. नंतर ओढाताण होण्यापेक्षा शेवटचे दहा दिवस सरळ बंद ठेवलेले बरे.

हिशेब : आधी रात्री मोजा, मग रुपये

आता मुद्द्याचे बोलू. महिन्यात तेरा रात्री, नोव्हेंबर ते मे असे सात महिने, म्हणजे नव्वदेक रात्री झाल्या. पण शहरातला माणूस शुक्रवार-शनिवारीच निघतो. तेरा रात्रींत असे दोनच आठवडे सापडतात. म्हणजे महिन्याला चार आणि वर्षाला अठ्ठावीस रात्री. ज्याने ३६५ दिवसांचा हिशेब मांडून पैसा घातला, त्याचे दिवाळे इथेच ठरलेले आहे.

समजा, एका वाड्यात चार खोल्या आहेत आणि आठ पाहुणे राहू शकतात. माणशी एका रात्रीचे दोन जेवणांसह १,५०० रुपये धरले. अठ्ठावीस रात्री पूर्ण भरल्या तर २२४ मुक्काम. पण ढग, परीक्षा, लग्नसराई धरून निम्मेच भरतील असे समजा. ११२ मुक्कामांचे १,६८,००० रुपये झाले. जेवणाचा खर्च माणशी ४०० प्रमाणे ४४,८००. आचारी, मदतनीस आणि आकाश दाखवणारा यांची वीस रात्रींची मजुरी मिळून ३०,०००. धुणे, वीज, झाडलोट, मोडतोड २०,०००. शिल्लक राहिले ७३,२००. हे आकडे उदाहरणाचे आहेत, आपापल्या गावाचे भाव घालून प्रत्येकाने पुन्हा मांडावेत. पण त्यांचा कल बदलणार नाही.

या ७३ हजारांसाठी कुणी दहा लाख घालून नवे बांधकाम केले तर मुद्दल निघायला साडेतेरा वर्षांहून जास्त लागतील. व्याजाने पैसा काढला तर व्याजच नफ्याला गिळून टाकील. उलट उभ्या वाड्यावर दीड लाख खर्चून कठडा, शौचालय, रजया आणि एक साधी दुर्बीण केली तर दोन वर्षांच्या आसपास पैसा परत येतो. म्हणजे हा वाडा विकत घेण्याचा किंवा नवा बांधण्याचा धंदा नव्हे. उभा आहे तो वाडा पडू न देण्याचा धंदा आहे. ७३ हजारांत घर चालणार नाही, पण दर वर्षी पावसाआधी छताची डागडुजी, भिंतीचे लिंपण आणि सागवानी खांबांची निगा नक्की होईल. वाड्याने स्वतःची दुरुस्ती स्वतः कमावली, हाच यातला पहिला नफा.

कारागिरांचा वाटा

वाडा सगळ्यांकडे नसतो. पण या व्यवहारात वाडेवाल्याइतकेच, किंबहुना जास्त काम इतरांना आहे.

पिंजारी बंधूंचा धंदा फोमच्या गाद्यांनी मारला. तारे पाहणारा माणूस मात्र डिसेंबरात चिखलदऱ्याच्या थंडीत चार तास उघड्यावर बसतो. रात्री दव पडते. त्याला वऱ्हाडी कापसाची पिंजून भरलेली जाड रजई आणि खाली सतरंजी हवी. वरून एक धुता येणारी खोळ द्यावी, म्हणजे दवाने रजई भिजत नाही आणि प्रत्येक पाहुण्याला खोळ बदलून देता येते. असा पाहुणा जाताना रजई विकत मागतो. किंमत लिहून ठेवावी.

मंडप-बिछायतवाल्यांकडे कनाती आहेत. लग्नसराई सोडून त्या गोदामात पडून असतात. गच्चीच्या कडेने काळ्या किंवा गडद निळ्या कापडाची पुरुषभर उंच कनात लावली की शेजारचा दिवा अडतो आणि वाराही अडतो. खिडक्यांना दुहेरी जाड काळे पडदे हवेत. पातळ कापडातून उजेड गाळला जातो, म्हणून कापड दिव्यासमोर धरून पारखूनच घ्यावे.

पत्र्याचे काम करणाऱ्यांना तर सरळ मागणी आहे. दिव्याचा उजेड वर आणि बाजूला जाऊ न देणारी पत्र्याची टोपी, आतून पांढरी आणि बाहेरून काळी, हे अर्ध्या दिवसाचे काम. दिवा टोपीच्या आत पूर्ण बुडालेला असावा, दुरून नुसता बल्ब दिसता कामा नये. दिवा पिवळसर घ्यावा. निळसर पांढरा उजेड हवेत जास्त पसरतो. बॅटरीवर तांबडा कपडा किंवा तांबडा कागद बांधला की अंधाराला सरावलेला डोळा बिघडत नाही.

सुतारांना दुर्बिणीचा लाकडी चौथरा, आडवे पडून आकाश पाहण्याच्या आरामखुर्च्या आणि जिन्याचे कठडे. जीपवाल्यांना रात्री उशिराची ने-आण. आचाऱ्याला रात्री बाराची गरम खिचडी आणि पहाटेचा चहा. मुंबईहून येणाऱ्यासाठी एप्रिल २०२५ पासून अमरावतीजवळ बेलोऱ्याला विमान उतरू लागले आहे. तिथून वाड्यापर्यंतची गाडी कुणीतरी द्यायचीच आहे.

आपल्या आजोळाचे इल्म

आकाश दाखवणारा माणूस बाहेरून आणण्याची गरज नाही. घरातला बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी सहा महिन्यांच्या सरावात तयार होते. सुरुवात नुसत्या डोळ्यांनी, मग साध्या दुर्बिणीने, आणि शेवटी मोठ्या दुर्बिणीने करावी. गुरूचे चार चंद्र आणि शनीची कडी साधारण दुर्बिणीतूनही पाहुण्याला खूश करतात.

आपल्या मुलांच्या हाती एक गोष्ट जादा आहे. जगभरच्या नकाशांत ताऱ्यांची निम्मी नावे अरबी आहेत. रोहिणीला इंग्रजीत जे नाव आहे ते ‘अद्-दबरान’, म्हणजे मागून येणारा, कारण तो सुरैयाच्या मागे चालतो. श्रवण म्हणजे ‘अन्-नस्र अत्-ताइर’, उडणारे गिधाड. मृगातला एक तेजस्वी तारा ‘रिज्ल’, म्हणजे पाय. अब्दुर्रहमान अस्-सूफी यांनी इ. स. ९६४ मध्ये ताऱ्यांचा ग्रंथ लिहिला आणि त्यात आज देवयानी दीर्घिका म्हणतात त्या अंधुक ढगाची नोंद केली. समरकंदच्या उलुग बेगने १४३७ मध्ये हजाराहून अधिक ताऱ्यांची यादी केली. लाहोरच्या अल्लाहदाद उस्तादाच्या घराण्याने चार पिढ्या पितळेची वेधयंत्रे घडवली, ते विद्वान होते तसे हाताचे कारागीरही होते. हैदराबादेत नवाब जफर जंग यांनी १९०१ मध्ये पदरच्या पैशाने दुर्बीण आणून निजामिया वेधशाळेचा पाया घातला.

एकाच ताऱ्याचे मराठी, अरबी आणि मेळघाटातल्या कोरकू भावांकडून विचारून घेतलेले नाव, अशी तिन्ही नावे सांगणारा मुलगा पाहुण्याच्या कायम लक्षात राहतो. मात्र ताऱ्यांवरून नशीब सांगू नये. विचारणारे विचारतील. तो आपला धंदा नव्हे, आणि एकदा त्यात पडलो की मालाची इज्जत जाते.

कायद्याच्या बाबी

पाहुणे ठेवायचे तर पर्यटन खात्याकडे न्याहारी-निवास योजनेत नोंदणी करावी. शेतावर जागा असेल तर २०२० सालच्या राज्याच्या कृषी पर्यटन धोरणाखाली नोंदणीची सोय आहे. परदेशी पाहुणा आला तर त्याची माहिती चोवीस तासांच्या आत पोलिसांकडे नोंदवावी लागते. संरक्षित स्मारकाच्या शंभर मीटरच्या आत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढे दोनशे मीटरपर्यंत परवानगी लागते. व्याघ्र प्रकल्पालगतच्या गावात वन खात्याला आधी विचारावे. वाडा अनेक वारसांच्या नावे असेल तर सर्वांची लेखी संमती आणि नफ्याची वाटणी आधी कागदावर आणावी. जागा वक्फची असेल तर भाडेपट्ट्यावर कायद्याची बंधने आहेत, वकिलाला विचारल्याशिवाय एक रुपयाही घालू नये.

हा माल एकट्याचा नाही

शेवटी या धंद्याची सर्वांत महत्त्वाची अट. दुकानातला माल मी कुलूप लावून ठेवू शकतो. अंधाराला कुलूप लागत नाही. मी दीड लाख खर्च केले आणि शेजाऱ्याने कोंबड्यांच्या शेडवर उघडा हॅलोजन लावला, तर माझा सगळा माल एका बटणासरशी संपला. त्याच्यावर दावा करता येणार नाही, भांडूनही उपयोग नाही. म्हणून पेंचमध्ये आधी गावाचे दिवे बदलले आणि मग पाहुण्यांना बोलावले. क्रम तोच ठेवावा.

यासाठी ग्रामसभेत बसावे. दिवे बंद करा असे चुकूनही म्हणू नये. आपल्या मायबहिणींना रात्री रस्त्यावर उजेड हवा. शेतकऱ्याला वीज रात्री मिळते, त्याला मोटर चालू करायला साप-विंचवातून जावे लागते, त्याची बॅटरी आणि दिवा हक्काचा आहे. मागणी एवढीच ठेवावी, की दिव्याला टोपी असावी आणि उजेड जमिनीवर पडावा. वाया जाणारा उजेड खाली वळला तर कमी शक्तीचा दिवाही पुरतो आणि ग्रामपंचायतीचे बिल कमी होते. पहिल्या वीस दिव्यांच्या टोप्या वाडेवाल्याने पदरच्या खर्चाने करून द्याव्यात. दर मुक्कामामागे ठरावीक रक्कम गावाच्या दिव्यांसाठी बाजूला काढावी आणि तिचा हिशेब ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावा. ज्या शेजाऱ्याला आपल्या नफ्यात काही मिळत नाही, तो आपल्यासाठी अंधार का राखील?

ज्यांच्याकडे वाडा आहे त्यांनी या हिवाळ्यात पैसा न घालता एक काम करावे. चांदाच्या २६ पासून ३ पर्यंत रोज रात्री गच्चीवर जाऊन ढग होते की नाही, आकाशगंगा दिसली की नाही, कुणाचा दिवा डोळ्यावर आला, हे वहीत लिहावे. सात महिन्यांची अशी वही कुठल्याही सल्लागारापेक्षा खरे सांगेल. वही चांगली निघाली तर गावाला बोलवावे, रजया भराव्यात, टोप्या घडवाव्यात. वही वाईट निघाली तर नुकसान एका वहीचे. आणि वाड्याचे सागवान विकण्याचा विचार असेल, तर तोवर गिऱ्हाइकाला थांबायला सांगावे.